अगेन्स्ट द स्टॉर्म नव्याने खेळताय? शहर सजवू नका, पॉइंट गोळा करा

ज्यांनी अगेन्स्ट द स्टॉर्म सेलमध्ये घेऊन ठेवलाय, ट्युटोरियल संपवलंय आणि मग दोन-तीन वस्त्या झाल्यावर "हे नक्की काय चाललंय" म्हणून सोडून दिलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गेम अवघड आहे म्हणून लोक सोडत नाहीत, सोडतात कारण ते याला नेहमीच्या सिटी बिल्डरसारखं खेळतात. म्हणजे आधी सगळी व्यवस्था नीट लावू, अन्नाचा साठा करू, घरं सरळ रेषेत बांधू, आणि मग पुढचं बघू. इथे पुढचं बघायला वेळच मिळत नाही.

थोडक्यात माहिती: एरेमाइट गेम्स या पोलंडच्या छोट्या टीमने बनवलाय, पब्लिशर हूडेड हॉर्स. बरेच दिवस अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला होता, पूर्ण व्हर्जन डिसेंबर 2023 मध्ये आलं. तुम्ही राणीचे व्हाइसरॉय, म्हणजे प्रतिनिधी. राणी बसते स्मोल्डरिंग सिटीत, आणि तुम्हाला पाठवते जंगलात नवीन वस्ती वसवायला. वस्ती जिंकली की ती सोडून पुढच्या वस्तीला जायचं, आणि ठराविक वर्षं झाली की ब्लाइटस्टॉर्म येतं आणि मॅपवरच्या तुमच्या सगळ्या वस्त्या धुऊन नेतं, या फेरीला सायकल म्हणतात. उरते फक्त स्मोल्डरिंग सिटी आणि तिथे तुम्ही विकत घेतलेले अपग्रेड. रोगलाइट म्हणतात ते याच्यामुळे.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात फिट करा, की ही वस्ती तुम्ही एक-दीड तासात सोडणार आहात. तिचं सौंदर्य, तिची आर्थिक स्वयंपूर्णता, तिचे रस्ते, याचं कुणाला काही पडलेलं नाही. शेवटच्या मिनिटाला गोदाम रिकामं असलं, दोन घरं अर्धवट असली तरी चालतं, जिंकलात म्हणजे जिंकलात.

दोन पट्ट्या

स्क्रीनवर खाली दोन पट्ट्या दिसतात. निळी म्हणजे रेप्युटेशन, लाल म्हणजे राणीचा इम्पेशन्स, तिचा अधीरपणा. निळी आधी भरली तर जिंकलात, लाल आधी भरली तर हरलात. बस, एवढाच नियम. लाल पट्टी आपोआप हळूहळू वाढतच राहते, वर कुणी गावकरी मेला किंवा वैतागून वस्ती सोडून गेला की अजून वाढते. पण प्रत्येक रेप्युटेशन पॉइंट मिळाला की ती थोडी मागे पण येते, हे लक्षात ठेवा, कारण यामुळेच सतत पॉइंट मिळवत राहणं हाच सगळ्यात चांगला बचाव ठरतो.

आणि एक गंमत अशी, की राणी जितकी जास्त चिडलेली तितकं जंगल तुमच्यावर कमी चिडतं. इम्पेशन्सचा प्रत्येक पॉइंट होस्टिलिटी, म्हणजे जंगलाचा राग, थोडी कमी करतो. त्यामुळे नवीन माणूस लाल पट्टी अर्ध्यावर बघून घाबरतो, जुना खेळाडू मस्त चहा पीत बसतो. अर्ध्यावरची लाल पट्टी हा प्रॉब्लेम नाहीये, निळी पट्टी हलत नसेल तर तो प्रॉब्लेम आहे.

रेप्युटेशन मुख्यतः तीन ठिकाणांहून येतं. राणीच्या ऑर्डर्स पूर्ण करून, गावकऱ्यांचा रिझॉल्व म्हणजे मूड वर नेऊन, आणि ग्लेडमध्ये, म्हणजे जंगलातल्या मोकळ्या जागांत, सापडलेल्या पेट्या-बिट्या राणीच्या सिटाडेलला पाठवून. सुरुवातीला पॉइंट ऑर्डर्समधून येतात, मधे ग्लेडमधून, आणि शेवटचे चार-पाच बहुतेक वेळा रिझॉल्वमधून. तिन्ही थोडं थोडं करत बसण्यापेक्षा कुठल्या वेळी कशावर जोर द्यायचा हे कळलं की गेम एकदम सोपा वाटायला लागतो.

जंगलाचा राग कसा सांभाळायचा

या जगात पाऊस कधी थांबतच नाही, फक्त कमी-जास्त होतो. वर्षाचे तीन भाग: ड्रिझल, क्लिअरन्स आणि स्टॉर्म. ड्रिझलमध्ये शेतात पेरणी, क्लिअरन्समध्ये काढणी, आणि स्टॉर्ममध्ये जंगल तुमच्यावर राग काढतं. आपल्याकडे मृग लागायच्या आत शेताची कामं उरकायची घाई असते तसंच, स्टॉर्म लागायच्या आत काय काय उरकायचं याचा हिशेब डोक्यात चालू ठेवायचा.

होस्टिलिटी वाढते कशाने? वर्षं सरतात तशी वाढते, माणसं वाढली की वाढते, ग्लेड उघडली की वाढते, आणि लाकूडतोडे कामाला लावले की वाढते. होस्टिलिटीची लेव्हल जितकी वर तितका स्टॉर्ममध्ये सगळ्यांचा मूड खाली, शिवाय लेव्हल वाढली की फॉरेस्ट मिस्टरीज नावाचे वेगवेगळे त्रास चालू होतात, ते प्रत्येक मॅपवर वेगळे असतात आणि वस्ती सुरू करतानाच वाचून ठेवायचे. मूड शून्याखाली राहिला की लोक निघून जायला लागतात, लोक गेले की लाल पट्टी वाढते, आणि मग कामाला माणसं नाहीत म्हणून अजून पंचाईत.

आता यातली वर्षं थांबवता येत नाहीत, माणसं कमी करून चालत नाही. पण लाकूडतोडे? त्यांना कामावरून काढता येतं, एका क्लिकवर. हीच ती ट्रिक, जी प्रत्येक जुना खेळाडू वापरतो आणि गेम स्वतः फारशी सांगत नाही. स्टॉर्म सुरू व्हायच्या जरा आधी वुडकटर्स कॅम्पमधली सगळी माणसं काढून घ्या, त्यांना कुठेतरी वर्कशॉपमध्ये बसवा नाहीतर रिकामी ठेवा, होस्टिलिटी लगेच खाली येते. स्टॉर्म संपला की परत पाठवा. दरवर्षी करायचं. जरा कंटाळवाणं आहे, कबूल, पण एवढ्यानेच अख्खी लेव्हल खाली येते कधी कधी. फक्त स्टॉर्मभर शेकोटीला पुरेल एवढं लाकूड आधी जमा करून ठेवा नाहीतर लोक थंडीने वैतागतील आणि सगळी हुशारी वाया.

दुसरा उपाय म्हणजे एन्शंट हार्थ, ती मधली मोठी शेकोटी. तिच्या आसपास ठराविक माणसं राहायला आली आणि थोडी सजावट केली की ती अपग्रेड होते आणि होस्टिलिटी कमी होते. सजावट म्हणजे बाक, कुंपण, झाडंबिडं, ती फालतू वाटते म्हणून लोक बांधत नाहीत, पण पहिला अपग्रेड खूप स्वस्तात होतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षातच करून टाका. आणि अगदीच गळ्याशी आलं तर हार्थमध्ये लाकूड, कोळसा, तेल असलं इंधन सॅक्रिफाइस करता येतं, ते चालू असेपर्यंत होस्टिलिटी खाली. मात्र इंधन भसाभस जातं, म्हणून फक्त स्टॉर्मपुरतं चालू करा आणि बंद करायला विसरू नका.

शेकोटीवर फायरकीपर म्हणून एक माणूस बसतो, तो कुठल्या जमातीचा आहे त्यावर बोनस ठरतो. लिझर्ड बसवला तर सगळ्यांचा रिझॉल्व एकने वर, बीव्हर बसवला तर इंधन हळू जळतं. लाकडाची ओढाताण असेल तर बीव्हर, नाहीतर मी डोळे झाकून लिझर्ड बसवतो.

पहिलं वर्ष

वस्ती सुरू झाली की लगेच पॉज करा. पॉजमध्ये सगळं करता येतं, बांधकाम ठरवता येतं, झाडं मार्क करता येतात, ब्लूप्रिंट (नवीन इमारत बांधायचे परवाने) निवडता येतात. पॉज वापरणं म्हणजे चिटिंग नाही, गेम तसाच बनवलाय.

पहिल्यांदा दोन-तीन वुडकटर्स कॅम्प, आणि ते थेट ज्या ग्लेडच्या दिशेने जायचंय त्या बाजूला. इथे ग्लेड म्हणजे काय ते सांगतो. मॅप पूर्ण झाडांनी भरलेला असतो, मधे मधे मोकळ्या जागा असतात, पण झाडं तोडून तिथपर्यंत पोचेपर्यंत आत काय आहे ते दिसत नाही. साध्या छोट्या ग्लेड असतात, डेंजरस असतात आणि फॉरबिडन असतात. धोकादायक असलेल्यांवर कवटीची खूण दिसते, त्यामुळे कुठे जाताय ते आधीच कळतं.

मग क्रूड वर्कस्टेशन. त्यात फळ्या, कापड, विटा सगळं होतं पण फार लाकूड खातं आणि हळू चालतं, तरी सुरुवातीला दुसरा पर्याय नसतो. फळ्यांना लिमिट लावा. म्हणजे रेसिपीशेजारी आकडा टाकता येतो की गोदामात एवढ्या झाल्या की थांब, तो टाका. लिमिट न लावता सोडलं तर सगळं लाकूड फळ्यांत जातं आणि शेकोटी विझायला येते, नवीन खेळाडूंच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

घरांची घाई नको. पहिल्या वर्षी दोन शेल्टर पुरतात. घर नसलं तर मूड थोडा कमी होतो पण पहिल्या स्टॉर्ममध्ये होस्टिलिटीच नसते तेवढी. त्याऐवजी आसपास जे दिसतंय त्याचा कॅम्प टाका, धान्य-भाजी असेल तर फोरेजर, बेरी-अळंबी-औषधी असेल तर हर्बलिस्ट, मांस-अंडी असेल तर ट्रॅपर. छोटे कॅम्प छोट्याच नोडवर (कच्चा माल मिळायच्या जागांवर) चालतात, मोठ्या नोडसाठी मोठ्या कॅम्पची ब्लूप्रिंट लागते, तेव्हा "कॅम्प बांधला पण कुणी जातच नाही" असं झालं तर आधी हे तपासा. कॅम्प उचलून दुसरीकडे हलवता येतात, त्यामुळे जागेवरून डोकं खाजवत बसू नका.

ट्रेडिंग पोस्ट पहिल्या वर्षातच. याबद्दल दुमत असेल पण माझं ठाम मत आहे. व्यापारी येतो तेव्हा त्याच्याकडे माल तर असतोच, शिवाय ब्लूप्रिंट आणि पर्क म्हणजे बोनस पण असतात, आणि कधी कधी तुमच्या अख्ख्या वस्तीचं घोडं ज्या एका गोष्टीवर अडलंय नेमकी तीच तो विकत असतो. चलन म्हणजे ॲम्बर. ॲम्बर कुठून आणायचा तर नको असलेला माल विकून. घाई असेल तर व्यापाऱ्याला लवकर बोलावता येतं पण त्याची किंमत इम्पेशन्समध्ये मोजावी लागते, लाल पट्टी खाली असेल तर बिनधास्त बोलवा. व्यापाऱ्यावर हल्ला करून लुटायचं बटण पण आहे. सुरुवातीला त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका.

डेंजरस ग्लेड कधी उघडायची

लवकर. सगळ्यांना वाटतं तेवढ्यापेक्षा लवकर.

छोट्या ग्लेड सुरक्षित असतात म्हणून लोक त्याच उघडत बसतात, पण आत मिळतं काय तर दोन-चार नोड. होस्टिलिटी मात्र प्रत्येक ग्लेडमागे वाढते. डेंजरस ग्लेड मोठी असते, आत मोठे नोड, सुपीक जमीन, पडक्या इमारती, पेट्या असं बरंच काही मिळतं. पडक्या इमारती तर सोन्याहून पिवळ्या, ब्लूप्रिंट नसली तरी ती इमारत दुरुस्त करून वापरता येते. मग होस्टिलिटी वाढवायचीच आहे तर मोठ्या गोष्टीसाठी वाढवा ना.

डेंजरस ग्लेडमध्ये एक इव्हेंट असतो. वाळवीचं वारूळ असेल, गळती लागलेली कढई असेल, झपाटलेलं घर असेल, फॉरबिडनमध्ये तर ड्रेनेज मोल नावाचं एक प्रचंड धूड पण निघतं. त्याला टायमर असतो, वेळेत सोडवला नाही तर काहीतरी वाईट होतं, कधी माल खराब होतो, कधी माणसं मरतात. सोडवायला माणसं लागतात आणि सामान लागतं, आणि सामानाचे दोन-तीन पर्याय दिलेले असतात. त्यामुळे उघडायच्या आधी गोदामात थोडं थोडं सगळंच असू द्या, थोडं अन्न, थोडं इंधन, थोड्या फळ्या-विटा, आणि टूल्स. टूल्स मिळाली की विकू नका, पेट्या उघडायला पण तीच लागतात.

उघडायची वेळ म्हणजे ड्रिझलची सुरुवात. का, तर मग ड्रिझल आणि क्लिअरन्स दोन्ही तुमच्या हातात असतात, स्टॉर्मच्या आत इव्हेंट संपवता येतो. स्टॉर्ममध्येच ग्लेड उघडली तर एकीकडे मूड खाली, दुसरीकडे इव्हेंटचा त्रास, आणि कामाला लावायला माणसं पण नाहीत. म्हणून एक करायचं, स्टॉर्म संपत आला की ग्लेडच्या दारातलं शेवटचं एक-दोन झाड राखून ठेवायचं आणि ड्रिझल लागला की ते मार्क करून तोडायचं. झाडं मार्क करायचं टूल आहे त्याचा उपयोग हाच. मार्किंग केलं नाही तर लाकूडतोडे त्यांच्या मनाने कुठलीही झाडं तोडत सुटतात आणि भलत्या वेळी भलतीच ग्लेड उघडून बसतात.

इव्हेंटच्या शेवटी किंवा पेटी उघडताना साधारण दोन पर्याय येतात, एक माल स्वतः ठेवा, दुसरा सिटाडेलला पाठवा आणि रेप्युटेशन घ्या. नव्वद टक्के वेळा पाठवा. माल ठेवायचा फक्त जेव्हा त्या मालाशिवाय स्टॉर्म निघणार नाही अशी परिस्थिती असेल.

ब्लूप्रिंट आणि कॉर्नरस्टोन

रेप्युटेशन पॉइंट मिळत जातात तशा ब्लूप्रिंट निवडायला येतात. तीन-चार इमारतींपैकी एक. इथे लोक आवडीची इमारत घेतात. "मला बेकरी आवडते" म्हणून बेकरी घेतली आणि अख्ख्या मॅपवर धान्याचा पत्ता नाही, असं चालत नाही. आधी या तीन गोष्टी बघा, आसपास काय कच्चा माल आहे, वस्तीत कुठल्या जमाती आहेत, आणि हातात कुठल्या ऑर्डर्स आहेत. या तिघांपैकी दोघांशी जी इमारत जुळते ती घ्या.

रेसिपीला शून्यापासून तीनपर्यंत स्टार असतात, जास्त स्टार म्हणजे चांगलं उत्पादन. पण एक स्टारची का होईना पण आत्ता उपयोगी पडणारी इमारत ही तीन स्टारच्या पण कच्चा माल नसलेल्या इमारतीपेक्षा कधीही बरी. आणि बऱ्याच रेसिपी लवचिक असतात, म्हणजे स्क्यूअर्सना मांसच पाहिजे असं नाही, किडे पण चालतात, दुसऱ्या बाजूला भाजी वगैरे. रेसिपीत कुठलं साहित्य वापरायचं ते टिक करता येतं, ते नीट बघा, नाहीतर बियरसाठी ठेवलेलं धान्य लापशीत जाईल.

एकदम निवडायची सक्ती नाही हे पण लक्षात घ्या. ब्लूप्रिंटची निवड तशीच ठेवून पुढची ग्लेड उघडा, आत काय निघतं ते बघा, मग निवडा. सुरुवातीच्या एक-दोन निवडी सोडल्या तर मी जवळजवळ नेहमी असंच करतो.

कॉर्नरस्टोन दरवर्षी एकदा मिळतो, हा अख्ख्या वस्तीसाठी कायमचा बोनस. इथे पण तेच, पुढे कधीतरी जबरदस्त होईल असा घेण्यापेक्षा आज जे चालू आहे ते वाढवणारा घ्या. काहीच जमत नसेल तर नाकारा, बदल्यात ॲम्बर मिळतो. नाकारायला लोकांचा जीव का होत नाही कळत नाही.

माणसं, म्हणजे बीव्हर आणि इतर मंडळी

मूळ गेममध्ये पाच जमाती आहेत, ह्यूमन, बीव्हर, लिझर्ड, हार्पी आणि फॉक्स. बेडूक आणि वटवाघळं नंतरच्या डीएलसीमध्ये, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या भागांत आली, सुरुवातीला त्यांची काही गरज नाही. एका वस्तीत तीन जमाती असतात. प्रत्येकाची कामाची खासियत वेगळी, ह्यूमन शेतीत, बीव्हर लाकूडकामात, लिझर्ड मांसाच्या आणि उबदार ठिकाणच्या कामात, हार्पी कापडात, फॉक्स पावसाच्या पाण्याच्या कामात. ज्याला जे आवडतं तिथे त्याला बसवलं की काम नीट होतं आणि मूड पण सुधारतो. वर्कशॉपवर आयकॉन दिसतो, एवढं बघून माणसं लावायची सवय लावून घ्या.

आता मुख्य मुद्दा. तिन्ही जमातींना खूश करायला जाऊ नका.

प्रत्येक जमातीच्या रिझॉल्वच्या पट्टीवर एक निळी खूण असते, तिच्या वर गेलं की ती जमात रेप्युटेशन द्यायला लागते. एक पॉइंट दिला की ती खूण अजून वर सरकते. तिन्ही जमाती खुणेच्या थोड्या थोड्या खाली असण्यापेक्षा एक जमात खूप वर आणि बाकीच्या दोन फक्त शून्याच्या वर असणं हे कितीतरी फायद्याचं आहे. म्हणून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ठरवा की या वस्तीत आपली लाडकी जमात कुठली. ज्यांचं खाणं आणि सेवा तुम्हाला बनवता येतायत ती. ह्यूमनांना बिस्किट आवडतं, देवळात अगरबत्ती आणि टॅव्हर्नमध्ये बियर चालते. बीव्हरांना पण बिस्किट, बियर, वर वाचायला स्क्रोल. लिझर्डांना जर्की, स्क्यूअर्स आणि कुस्तीचं सामान.

मग त्यांची स्वतःची घरं बांधा, ह्यूमनचं ह्यूमन हाऊस, लिझर्डचं लिझर्ड हाऊस, शेल्टरपेक्षा त्याने मूड जास्त वाढतो. त्यांचं खास खाणं इतरांना बंद करा. हो, हे करता येतं, कन्झम्प्शन कंट्रोल नावाचा पॅनेल आहे, त्यात कुठल्या जमातीने काय खायचं, काय वापरायचं ते ठरवता येतं. बिस्किट फक्त बीव्हरांना, बाकीच्यांनी बेरी खा. क्रूर वाटतं, आहेच जरा, पण राणीला कुठे फरक पडतो. तिथेच कच्चं धान्य, भाजी वगैरे खाण्यापासून पण सगळ्यांना थांबवता येतं, म्हणजे वर्कशॉपसाठी ठेवलेला माल कुणी तसाच फस्त करत नाही.

शेवटी एका जमातीला फेवर करता येतं, त्यांचा मूड वर आणि बाकीच्यांचा खाली. शेवटचे एक-दोन पॉइंट राहिले असतील तेव्हा हे सगळं एकदम लावायचं: साठवलेलं चांगलं अन्न सोडायचं, सेवा चालू करायच्या, फेवर करायचं, आणि हे ड्रिझल-क्लिअरन्समध्ये करायचं, स्टॉर्ममध्ये नाही. अशा वेळी निळी पट्टी धावत सुटते. पहिल्या वर्षापासून बियर वाटत बसलात तर शेवटाला काही उरत नाही. म्हणून चैनीचा माल आधी साठवा, मग सोडा.

ऑर्डर्स

ऑर्डर आली की सहसा दोन-तीनपैकी एक निवडायची असते. आत्ता जे तुम्ही तसंही करणारच आहात तेच सांगणारी ऑर्डर घ्या. बक्षीस बघून ऑर्डर घेणं ही हौस आहे, परवडत असेल तर करा. वेळेची मर्यादा असलेल्या ऑर्डर्सना हात लावायच्या आधी दोनदा विचार करा. आणि इथे पण ब्लूप्रिंटचाच नियम, निवड लगेच करायची गरज नाही. "अमुक इतक्या ग्लेड उघडा" असली ऑर्डर हातात आहे आणि तुम्ही उद्या ग्लेड उघडणारच आहात, तर ती आधी घ्या, मग उघडा. उलट्या क्रमाने केलं तर बऱ्याच ऑर्डर्समध्ये आधीचं केलेलं धरलं जात नाही.

पावसाचं पाणी आणि ब्लाइटरॉट

हे थोडं पुढे अनलॉक होतं. तिन्ही ऋतूंचं पाणी वेगवेगळं साठवता येतं आणि वर्कशॉपला पाइप लावून रेन इंजिन चालवता येतं, त्याने उत्पादन वाढतं, कामगार खूश होतात. पण पाणी वापरलं की ब्लाइटरॉटचे फोड तयार होतात. हे फोड स्टॉर्ममध्ये शेकोटी नासवतात, आणि नासणं शंभर टक्के झालं की माणसं मरतात. त्यावर उपाय ब्लाइट पोस्ट, तिथली माणसं पर्जिंग फायर वापरून फोड जाळतात. इंजिन वापरायचं असेल तर आधी ब्लाइट पोस्ट आणि फायरचा साठा, मग इंजिन. अगदी सुरुवातीला इंजिन न वापरता पण सहज जिंकता येतं, त्यामुळे पहिल्या काही वस्त्यांत या भानगडीत पडलं नाही तरी चालेल.

वस्ती जिंकल्यावर

जिंकलात की फूड स्टॉकपाइल, मशिनरी, आर्टिफॅक्ट अशी बक्षिसं मिळतात, ती स्मोल्डरिंग सिटीत खर्च करायची. हरलात तरी थोडा अनुभव मिळतोच, फुकट काही जात नाही. पहिल्यांदा काय घ्यायचं? जे अपग्रेड प्रत्येक वस्तीत लागू होतात ते: एम्बार्क पॉइंट, म्हणजे निघताना जास्त सामान नेता येतं, ब्लूप्रिंटचे जास्त पर्याय किंवा रीरोल (पर्याय बदलून मागणं), गावकऱ्यांचा वेग. एखाद्या विशिष्ट उत्पादनाचा टक्का-दोन टक्के बोनस नंतर घ्या.

निघताना तीन कॅरव्हॅनमधून (गावकरी आणि सामानाचे तांडे) एक निवडायचा असतो. त्यात जमाती बघा आणि जाणार त्या बायोमशी, म्हणजे जंगलाच्या प्रकाराशी जुळवा. रॉयल वुडलँड्स सुरुवातीला सोपं आहे. मार्शलँड्समध्ये प्रचंड मोठे नोड असतात, एक नोड संपता संपत नाही. स्कार्लेट ऑर्चर्डमध्ये उत्खननाची भानगड असते, जरा सरावल्यावर जा. एम्बार्क पॉइंटमध्ये पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर फळ्या, विटा, कापड यांत घाला. बांधकामाचं सामान हातात असलं की पहिलं वर्ष अर्ध्या वेळात उरकतं. अन्न जंगलात मिळतंच.

डिफिकल्टी सेटलर, पायोनियर, व्हेटरन, व्हाइसरॉय अशी चढत जाते आणि त्यानंतर प्रेस्टिजच्या वीस पायऱ्या. सेटलरवर फार दिवस राहू नका. तिथे होस्टिलिटी एवढी कमी असते की वर लिहिलेलं काहीच न करता पण जिंकता येतं, आणि मग पायोनियरवर अचानक सगळं कोसळल्यासारखं वाटतं. एक-दोन वस्त्या निवांत जिंकलात की पायोनियर, आणि तिथे लाकूडतोड्यांची ट्रिक आणि ग्लेडची वेळ जमली की लगेच व्हेटरन. मॅपवर लांब लांब सील नावाच्या जुन्या मोहोरा असतात, त्या पुन्हा घडवायला वस्त्या जिंकून सीलचे तुकडे जमवावे लागतात आणि वरच्या डिफिकल्टीवर ते जास्त मिळतात, त्यामुळे खाली रेंगाळून फायदा तसाही नाही. सील असलेल्या जंगलातली वस्ती मात्र वेगळी असते, तिथे निळी पट्टी भरून भागत नाही, सील शोधून एकेक टप्पा पुरा करावा लागतो, म्हणून तिकडे जाताना सायकलमधली बरीच वर्षं शिल्लक आहेत ना ते मॅपवर आधी बघून घ्या.